हरण्याचीही तालीम हवी



या महिन्याचा विषय अभ्यासाचा नाही, खेळाचा आहे. त्यातही खेळ संपल्यानंतरच्या पाच मिनिटांचा. मुलगा दोन तास कसा खेळला हे साऱ्या गावाला दिसते. पण तो कसा वाढतो आहे, हे या पाच मिनिटांत कळते.

आमच्या शिरपूर जैनच्या शिवारात सोयाबीन निघाले की मोकळ्या वावरात टेनिस बॉलच्या मॅची सुरू होतात. मॅच संपली की हरलेल्या बाजूचा एखादा पोट्टा स्टंप उपटून फेकतो, दुसरा बॅट आपटतो, तिसरा "बेईमानी हुई" म्हणत अंपायरच्या अंगावर जातो. दुसऱ्या दिवशी वर्गात दोघे एका बाकावर बसायला तयार नसतात. अकरा-बारा वर्षांची ही मुले. यांना हे कुणी शिकवले, असे पालक आम्हाला विचारतात. आम्ही मात्र उलटा प्रश्न विचारतो : हरल्यावर कसे वागायचे, हे यांना कुणी शिकवले आहे का?

हल्ली मुलांच्या मोबाईलवर मोटोक्रॉसच्या चित्रफिती फार दिसतात. मातीच्या उंचसखल मार्गावरून मोटारसायकल उडवत न्यायची, अशी ही शर्यत. युरोप-अमेरिकेत तर चार-पाच वर्षांची मुले ५० सीसीच्या छोट्या गाडीवर यात उतरतात. आपल्याकडेही पुणे, नाशिक, कोल्हापूरकडे हा खेळ रुजला आहे. २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्याच्या बालेवाडी संकुलात सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. खेळ धाडसाचा आहे, मेहनतीचा आहे. पण आमच्या मुलांना त्यातले काय पाठ आहे म्हणून विचाराल, तर उड्या नव्हेत. पडल्यावर उठून हेल्मेट फेकणारा स्वार, दुसऱ्याची गाडी ढकलणारा स्वार, हेच पाठ आहे. पुन्हा पुन्हा पाहिले जाते ते हेच.

अशा दोन घटना मुलांसमोर आम्ही नेहमी ठेवतो. पहिली जानेवारी २०१६ ची, अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरातील सुपरक्रॉस शर्यतीची. वेस्टन पीक आणि विन्स फ्रीस हे दोन स्वार एकमेकांत अडकून पडले. पीकने जागेवरच फ्रीसला ठोसे लगावले. तो शर्यतीतून बाद झाला, दंड झाला आणि पुढच्या फेरीलाही मुकला.

दुसरी घटना ९ सप्टेंबर २०१८ ची, इटलीतील मिसानो येथील. ही मोटोक्रॉस नव्हे, डांबरी ट्रॅकवरची मोटो-टू शर्यत. बावीस वर्षांचा रोमानो फेनाती आणि स्टेफानो मांझी यांच्यात आधीपासून धक्काबुक्की चालली होती. मग सरळ रस्त्यावर, ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगात, फेनातीने हात लांबवून मांझीच्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबला. मांझीची गाडी क्षणभर डगमगली आणि सावरली. सावरली नसती तर काय झाले असते, हे सांगायला नको. फेनातीला काळा झेंडा दाखवून बाहेर काढण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्याच्या संघाने त्याला काढून टाकले, आणि पुढच्या वर्षासाठी ज्या कंपनीशी करार झाला होता तिनेही हात झटकले. आतापर्यंतची सगळी मेहनत एका सेकंदाच्या रागात गेली.

ही सारी परदेशातली माणसे आहेत असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरात महाराष्ट्र केसरीच्या निर्णायक कुस्त्या होत्या. गादी विभागाच्या अंतिम लढतीत शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ भिडले. राक्षेची पाठ टेकली असे ठरवून पंचांनी मोहोळला विजयी घोषित केले. राक्षेला निर्णय मान्य नव्हता. आपले दोन्ही खांदे टेकले नाहीत, चित्रण पाहा, असे त्याचे म्हणणे होते. वाद वाढला, पंचाची कॉलर धरली गेली आणि राक्षेने पंचाला लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम लढतीत मोहोळसमोर महेंद्र गायकवाड होता. काही सेकंद बाकी असताना गुणावरून वाद झाला आणि गायकवाड मैदान सोडून निघून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी घालण्यात आली.

आता जरा विचार करा. राक्षे काही नवखा पोरगा नव्हता. २०२३ मध्ये जानेवारीत पुण्याला आणि नोव्हेंबरात धाराशिवला, अशी दोनदा त्याने महाराष्ट्र केसरीची गदा उचलली होती. गायकवाडही अंतिम फेरीत नवा नव्हता. जानेवारी २०२३ ची अंतिम कुस्ती याच दोघांत झाली होती. वर्षानुवर्षे पहाटे उठून जोर-बैठका मारणारी, खुराकाचे आणि झोपेचे पथ्य पाळणारी ही माणसे. शरीरावर एवढा ताबा असलेल्या माणसाचा रागावरचा ताबा सुटू शकतो, हे या घटनेने दाखवले. म्हणजे मुलगा मैदानात भडकला की "वाया गेला" असे म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. ही गोष्ट चांगल्या-चांगल्यांकडून होते. आणि चांगल्या-चांगल्यांकडून होते, म्हणूनच ती वेळेवर शिकवावी लागते.

असे होते तरी का?

पहिले कारण शरीराचे आहे. शर्यतीत किंवा कुस्तीत हृदय इतक्या जोरात धडधडत असते की विचार करायला उसंत नसते. मोटोक्रॉसच्या जागतिक शर्यतीत चाळीस स्वार एका रांगेतून एकदम सुटतात आणि अर्धा तास हँडलशी झुंजतात. अशा वेळी शरीराला दोनच गोष्टी सुचतात : भिड किंवा पळ. राक्षे भिडला, गायकवाड निघून गेला. एकाच दिवशी, एकाच मैदानात दोन्ही पाहायला मिळाले.

दुसरे कारण वयाचे. आपल्याला आवर घालणारा, पुढचा परिणाम दाखवणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. चौदा वर्षांच्या मुलाला राग मोठ्या माणसाएवढा येतो, पण लगाम अजून कच्चा असतो. त्याला "शांत राहा" म्हणून ओरडण्याचा उपयोग नाही. शांत कसे राहायचे, हे हाताला धरून दाखवावे लागते.

तिसरे कारण आपल्या घरातले आहे, आणि त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. मुलाच्या खेळावर घराने काय काय लावलेले असते! मोटोक्रॉसची गाडी, सुरक्षेचे कपडे, मेकॅनिक, प्रवास यांत बापाचे लाखो रुपये जातात. कुस्तीत दूध-तूप-बदामाच्या खुराकात घर खंक होते. आपल्या गावखेड्यांत एवढे नसेल, पण शालेय स्पर्धेत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या आहेत. वर गेले की दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. गरीब घरातल्या मुलाला हे सगळे ठाऊक असते. पंचाची शिट्टी वाजते तेव्हा त्याच्या कानात फक्त एक गुण जात नाही. "अब्बांना काय सांगू?" हेही जाते. तो पंचावर ओरडतो तेव्हा पुष्कळदा तो त्या भीतीवर ओरडत असतो.

आणि पंच खरेच चुकला असेल तर?

हा प्रश्न मुले आम्हाला हमखास विचारतात, आणि तो विचारायलाच हवा. पंच माणूसच आहे, तो चुकतो. कधी कधी पक्षपातही होतो. मुलांना "पंच नेहमी बरोबर असतो" असे सांगितले तर ते खोटे आहे हे त्यांना कळते, आणि मग आपले बाकीचेही ते ऐकत नाहीत.

अहिल्यानगरच्या कुस्तीत खांदे टेकले की नाही यावर राज्यभर चर्चा झाली. राक्षेच्या बाजूने बोलणारेही पुष्कळ होते. पण लाथ मारल्यावर बोलण्याचा विषयच बदलला. त्याआधी प्रश्न पंचाच्या निर्णयाचा होता, लाथेनंतर तो राक्षेच्या वागण्याचा झाला. त्याचे म्हणणे खरे धरले, तरी आपल्या हातातला दावा त्याने आपल्याच पायाने उधळला. मुलांना आम्ही हेच सांगतो : तुझ्यावर अन्याय झाला असेल, तर शांत राहण्याची गरज तुलाच जास्त आहे. कारण तुझी बाजू तुलाच मांडायची आहे.

बाजू मांडायची कशी, याचा नमुना आपल्याच मातीत आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी निवड होताना आपल्याला डावलले जात आहे असे त्यांना वाटले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावण्यात आली, ती त्यांनी जिंकली आणि ते हेलसिंकीला गेले. तिथे एक लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावले. नियमाप्रमाणे मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण त्यांच्या वतीने बोलायला त्या वेळी भारताचा अधिकारी हजर नव्हता. खाशाबा दमलेल्या अंगाने उतरले आणि हरले. तरी त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले.

या गोष्टीत दोन धडे आहेत. एक, खाशाबा गप्प बसले नाहीत. जिथे दाद मागता येत होती तिथे त्यांनी ती मागितली. दोन, जिथे दाद मागायची सोयच नव्हती, तिथे त्यांनी उरलेले बळ भांडणात न घालवता कुस्तीत घातले. आपल्या घरांत सब्र हा शब्द रोज वापरला जातो. पण सब्र म्हणजे मान खाली घालून सोसत राहणे, असा अर्थ मुलांच्या मनात बसला तर ती सब्रला कंटाळतील. आपला हक्क मागायचा, पण हात आणि जीभ आपल्या ताब्यात ठेवून, हे सब्र आहे.

मुलींसाठी याहून जवळचे उदाहरण आहे. नांदेडच्या पलीकडे निजामाबादची निखत जरीन. २०१९ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेसाठी मेरी कोम यांची चाचणीशिवाय निवड होणार अशी चिन्हे होती. निखतने क्रीडामंत्र्यांना जाहीर पत्र लिहून एवढेच मागितले की चाचणी घ्या. त्यावर तिच्यावर टीकाही झाली. डिसेंबर २०१९ मध्ये चाचणी झाली आणि मेरी कोम ९-१ अशा जिंकल्या. लढत संपल्यावर त्यांनी निखतशी हातही मिळवला नाही. म्हणजे राग हरणाऱ्यालाच येतो असे नाही, जिंकणाऱ्याचाही तोल जातो, आणि मोठ्या नावाचाही जातो. निखतला वाईट वाटले, ते तिने बोलूनही दाखवले. मग ती परत सरावाला लागली. १९ मे २०२२ रोजी इस्तंबूलमध्ये ती विश्वविजेती झाली, पुढच्या वर्षी पुन्हा झाली. पत्र लिहिले, चाचणी दिली, हरली, सराव केला, जिंकली. या पाच पायऱ्या आम्ही वर्गात फळ्यावर लिहून देतो.

आज जवळजवळ प्रत्येक खेळात दाद मागण्याची रीत ठरलेली आहे. गादीवरच्या कुस्तीत प्रशिक्षकाला 'चॅलेंज' मागता येते, पंच चित्रण पाहतात, आणि चॅलेंज फेटाळले गेले तर समोरच्याला एक गुण मिळतो. मोटारसायकलच्या शर्यतीत निकालानंतर ठरलेल्या वेळेत, शुल्क भरून, लेखी हरकत घेता येते. शालेय स्पर्धांतही संघ व्यवस्थापकामार्फत लेखी तक्रार करता येते. पण आमच्या पाहण्यात असे आले आहे की मुलाला हे नियम माहीतच नसतात, आणि पुष्कळदा बरोबर गेलेल्या मोठ्या माणसालाही नसतात. दार कुठे आहे ते माहीत नसलेला माणूस भिंतीवर डोके आपटतो. म्हणून मुलगा कोणताही खेळ खेळत असो, त्या खेळात तक्रार कशी करतात हे त्याला पहिल्याच महिन्यात शिकवा.

आपल्या दीनची शिकवण

हा विषय आपल्या मुलांना परका नाही. खरा पैलवान तो नव्हे जो कुस्तीत दुसऱ्याला पाडतो, खरा पैलवान तो जो रागाच्या वेळी स्वतःला सावरतो, या आशयाची हदीस बहुतेक मुलांना मदरशातच पाठ झालेली असते. पण ती फक्त पाठ असते. तिच्यात उदाहरण कुस्तीचेच का दिले आहे, याचा विचार करायला आपण त्यांना सांगत नाही. अहिल्यानगरची बातमी आणि ही हदीस एकत्र ठेवा. मुलगा स्वतःच पुढचे बोलेल.

आणखी एक प्रसंग फार थोड्या घरांत सांगितला जातो. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची अजबा नावाची सांडणी होती. शर्यतीत तिला कुणी मागे टाकत नसे. एकदा एक बदू आपल्या तरण्या उंटावर आला आणि अजबाला मागे टाकून गेला. सोबतच्या सहाबांना फार वाईट वाटले. पैगंबरांनी (स.) मात्र त्यांची समजूत घातली, की या दुनियेत जे जे उंच चढते ते कधी ना कधी खाली येते, हा अल्लाहचाच कायदा आहे. हरलेली सांडणी कुणाची होती, आणि दुखावले कोण होते, हे जरा पाहा. आजही मैदानात खेळाडूपेक्षा त्याचे चाहतेच जास्त चिडतात.

हजरत आयेशा (र.) यांच्याशी त्यांनी लावलेली धावण्याची शर्यतही मुलांना जरूर सांगावी. पहिल्या वेळी आयेशा (र.) पुढे गेल्या, पुढे काही काळाने झालेल्या शर्यतीत पैगंबर (स.) पुढे गेले आणि हसत म्हणाले की मागची फिटली. हरणे-जिंकणे ही घरातली हसण्याची गोष्ट होऊ शकते, हे आपल्या मुलांनी आपल्याच घरी पाहायला हवे.

राग आला तर उभा असलेल्याने बसावे, तरी न शमल्यास आडवे व्हावे, वजू करावे, ही शिकवणही आपल्याकडे आहे. ही अगदी कामाची गोष्ट आहे. उभा माणूस हात उगारू शकतो, बसलेल्याला आधी उठावे लागते. तेवढ्या वेळात अर्धा राग ओसरतो. चेहऱ्यावर गार पाणी पडले की श्वास खाली येतो. आमच्या शाळेच्या मैदानावर आम्ही एक साधी रीत ठेवली आहे. ज्याला राग आला त्याने पंचाशी न बोलता थेट नळावर जायचे, तोंड धुवायचे, खाली बसायचे आणि मग यायचे. शिक्षा म्हणून नव्हे, हक्क म्हणून. सुरुवातीला मुले हसली. आता एखादा तापू लागला की सोबतचेच म्हणतात, "जा, पहले मुँह धो के आ."

काठावरची माणसे

मैदानाच्या काठावर आम्ही बरीच वर्षे उभे आहोत, आणि तिथून जे दिसते ते सांगतो. मुलगा बाद झाला की तो आधी अंपायरकडे बघत नाही. तो आपल्या बापाकडे बघतो. बाप शांत असेल तर मुलगा मान हलवत बाहेर येतो. बाप ओरडत असेल तर मुलगाही ओरडतो, कारण त्याला वाटते की आपण ओरडलो नाही तर अब्बांच्या बाजूने उभे राहिलो नाही. चाचा, मामू, गल्लीतली थोरली मुले, सगळ्यांना हेच लागू आहे. अंपायरला काठावरून शिवी देणाऱ्या मोठ्या माणसाने घरी मुलाला तहजीबचे धडे देऊ नयेत. ते त्याला लागू होत नाहीत.

आता दुसरे चित्र पाहा. ८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये भालाफेकीत पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ मीटर भाला फेकून सुवर्ण मिळवले आणि आपला नीरज चोप्रा ८९.४५ मीटरवर दुसरा आला. सुवर्ण हुकलेल्या मुलाची आई काय बोलते, याकडे साऱ्यांचे लक्ष होते. नीरजच्या आई सरोजदेवी म्हणाल्या की रौप्यही आम्हाला सोन्यासारखेच आहे, आणि ज्याला सोने मिळाले तोही आपलाच मुलगा आहे. हरियाणातल्या एका खेड्यातली ही शेतकरी घरातली बाई. नीरज मैदानावर जसा वागतो तसा तो का वागतो, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले.

स्पर्धेहून आलेल्या मुलाला दारातच "जीता क्या?" असे विचारू नका, एवढी विनंती आहे. आधी पाणी द्या, जेवू द्या. मग विचारा : मजा आली का? समोरच्या टीममध्ये चांगले कोण खेळले? आज नवे काय शिकलास? दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. समोरच्याचे कौतुक करायला लागले की राग आपोआप जागा सोडतो. आणि मुलगा रडला तर रडू द्या. "मर्द रोते नहीं" हे वाक्य आपल्या घरांतून काढून टाकायला हवे. ज्याला रडायची परवानगी नाही त्याच्याकडे मग एकच वाट उरते, हाताची. मुली रडून मोकळ्या होतात आणि दुसऱ्या दिवशी एकत्र डबा खातात, मुले मात्र महिना महिना बोलत नाहीत, हे आम्ही दरवर्षी पाहतो.

भांडण झालेच तर माफी मागायला लावावी, पण सर्वांसमोर नाक घासायला लावू नये. मुलाने स्वतः जाऊन ज्याला दुखावले त्याला भेटावे, पंचालाही भेटावे. मोठा खेळाडू चुकतो तेव्हाही हेच बघायचे असते. २००६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात झिदानने मातेराझीच्या छातीवर डोके मारले आणि कारकिर्दीचा शेवटचा सामना लाल कार्डाने संपवला. नंतर दूरचित्रवाणीवर त्याने ज्या मुलांनी ते पाहिले त्यांची माफी मागितली. मातेराझीने अपशब्द वापरल्याचे त्याचे म्हणणे होते, तरीही मुलांची माफी त्याने मागितली. आमची मुले झिदानचे डोके मारणे दाखवतात. आम्ही त्यांना माफीची आठवण देतो.

मैदानाबाहेरचा राग

शेवटी एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगायची आहे. मोटोक्रॉसचा स्वार बंद मैदानात, हेल्मेट, छातीचे कवच, गुडघ्याचे कवच, जाड बूट घालून उतरतो. काठावर रुग्णवाहिका उभी असते. आमची मुले तीच नक्कल मालेगाव-रिसोडच्या रस्त्यावर, उघड्या डोक्याने, अब्बांच्या गाडीवर करतात. एकाने मागे टाकले की दुसऱ्याला ते सहन होत नाही. तिथे पंच नाही, काळा झेंडा नाही, समोरून ट्रक आहे. गिअरच्या गाडीसाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात असे आहे की अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडाच्या भीतीने नव्हे, मुलाच्या जिवासाठी किल्ली जवळ ठेवा. ज्या मुलाला हरणे सहन होत नाही, त्याच्या हाती गाडी देणे म्हणजे त्याच्या रागाला चाके लावून देणे आहे.

उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण आणि मराठीत तालीम म्हणजे आखाडा. आपल्या मुलांच्या वाट्याला हा शब्द दोन्ही अर्थांनी आला आहे. जिंकण्याची तालीम त्यांना उस्ताद देतील, प्रशिक्षक देतील. हरण्याची तालीम घरातच द्यावी लागते, आणि ती लहान लहान हरण्यांतून द्यावी लागते. संध्याकाळी कॅरम मांडा, लुडो मांडा. मुलाला दर वेळी मुद्दाम जिंकू देऊ नका. तो हरला आणि पट उधळला, तर सोंगट्या त्यालाच गोळा करायला लावा आणि पुन्हा डाव मांडा. तुम्ही हरलात तर हसून त्याची पाठ थोपटा. तो तुमच्याकडे बघत असतो.

येत्या हिवाळ्यात शाळाशाळांतून क्रीडा सप्ताह होतील. पालकांनी जरूर यावे. आपल्या मुलासाठी टाळ्या वाजवाच. पण एक टाळी समोरच्या संघातल्या चांगल्या खेळणाऱ्या मुलासाठी, त्याचे नाव विचारून, मोठ्याने वाजवा. खेळ संपल्यावर पंचांना सलाम करून मगच घरी जा, निकाल काहीही लागो.